नवऱ्याचा कर, बायकोची सही

परतूरहून आम्ही बोलतोय. दिवेलागण झाली असेल, तव्यावर भाकर असेल, तरी जरा कान इकडे द्या. आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. आयकर म्हटलं की आपल्याला वाटतं, तो शहरातल्या पगारदारांचा मामला. शेतीच्या उत्पन्नाला कुठे कर असतो? आम्हालाही तसंच वाटत होतं.

दोन महिन्यांपूर्वी आपल्याच तालुक्यातल्या एका बचत गटातली बाई कागद घेऊन आमच्याकडे आली. कागद इंग्रजीत. वर तिचं नाव, तिचाच पॅन नंबर. आयकराची नोटीस होती. तुमच्या खात्यात एका वर्षात एवढ्या लाखांची उलाढाल झाली, विवरणपत्र का भरलं नाही, खुलासा करा. बाई म्हणाली, "मी गटात महिन्याला शंभर रुपये टाकते, त्यालासुद्धा कधी उशीर होतो. लाख कुठले?" मग हळूहळू उलगडा झाला. नवरा कापसाची खरेदी-विक्री करतो. धंद्याचं खातं तिच्या नावे उघडलेलं. फॉर्मवर, चेकबुकावर, कुठे कुठे तिच्या सह्या घेतलेल्या. "कशाच्या होत्या?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ते म्हणाले इथं कर, मी केली."

त्या दिवशी आम्ही सातआठ जणी बसलो होतो. ती म्हणाली, "नवरा-बायको एकच असतात ना? मग त्याच्या धंद्याचा कर माझ्या माथी कसा?" तर कोपऱ्यातून एक जण म्हणाली, "एकच असतात, म्हणूनच तर तुझ्या माथी!" सगळ्या हसल्या. पण प्रश्न तिथंच राहिला. नवऱ्याचं देणं बायकोला लागतं का? तिची सही असेल तर लागतं का, नसेल तर? आणि सही म्हणजे संमती का? आम्ही जुनी-नवी पुस्तकं, कायदे धुंडाळले, वकीलताईंना विचारलं. निघालं असं, की हा प्रश्न हजार वर्षांचा आहे आणि त्याचं एक उत्तर आपल्या शेजारच्याच मुलखात लिहिलं गेलं होतं.

बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. आज ते कर्नाटकात. पण १९५६ पर्यंत आपण आणि ते एकाच हैदराबाद संस्थानात होतो. चालुक्य राजांची ती राजधानी. आपला हा दुधनाकाठही त्यांच्याच राज्यात होता. तिथे अकराव्या शतकाच्या अखेरीस, बाराव्याच्या सुरुवातीला, विज्ञानेश्वर नावाच्या पंडितानं याज्ञवल्क्य स्मृतीवर टीका लिहिली. तिचं नाव मिताक्षरा. पुढे इंग्रजांच्या कोर्टांनी वारसा आणि कर्ज यांचे हिंदूंचे खटले महाराष्ट्रात बहुतांशी याच ग्रंथाच्या आधारे चालवले.

त्यात कर्जाचं प्रकरण आहे. नवऱ्यानं किंवा मुलानं केलेलं कर्ज बाईनं फेडायचं नाही, अपवाद फक्त कुटुंबासाठी काढलेल्या कर्जाचा. बाईनं केलेलं नवऱ्यानं फेडायचं नाही, तिथेही तोच अपवाद. मग बाईला लागतं तरी कोणतं कर्ज? तीन प्रकारचं. तिनं स्वतः काढलेलं, नवऱ्याबरोबर मिळून काढलेलं, आणि जे तिनं तोंडानं कबूल केलं आहे ते. याखेरीज तिच्याकडे मागायचं नाही. म्हणजे "मिळून काढलेलं" आणि "कबूल केलेलं" या दोन शब्दांवर सगळं उभं आहे. आजच्या बँकेच्या कागदावर 'सहकर्जदार' लिहिलेलं असतं ना, ते हेच.

आणखी एक गमतीची गोष्ट. गवळी, दारू गाळणारे, नाटकवाले, परीट, शिकारी अशा काही लोकांच्या बायकांनी केलेलं कर्ज मात्र नवऱ्यानं फेडलंच पाहिजे, असं तिथे म्हटलंय. कारणही दिलंय: त्यांचं पोट बायकोच्या कामावर चालतं म्हणून. वाचल्यावर आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. दूध काढणारी, कपडे धुणारी बाई घर चालवते, हे त्या काळच्या पंडितालाही दिसत होतं. शेतकऱ्याची बायको मात्र त्या यादीत नाही. निंदणी, खुरपणी, वेचणी कोण करत होतं, ते कुणी विचारलं नाही बहुतेक.

पण सगळंच काही बाईच्या बाजूचं नव्हतं. स्त्रीधन तिचं, हे मान्य. तरी दुष्काळात, धर्मकार्यात, आजारपणात किंवा नवरा अटकेत असताना त्यानं ते घेतलं, तर परत केलंच पाहिजे असं नाही, असाही नियम त्याच ग्रंथात आहे. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या सासवांच्या पाटल्या कुठे गेल्या, हे ज्यांच्या घरी माहीत आहे त्यांना हा नियम नव्यानं सांगायला नको. खडी फोडून, सुकडी खाऊन त्यांनी ते वर्ष काढलं. पाटल्या काही परत आल्या नाहीत. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की स्त्रीधन बाईचं स्वतःचं आहे आणि नवऱ्याकडे किंवा सासरी ते फक्त ठेव म्हणून असतं.

आता त्याच स्मृतीतला एक नियम, ज्यानं पुढे बायकांचं फार नुकसान केलं. मेलेल्या माणसाची इस्टेट जो घेईल, त्यानं त्याचं कर्ज फेडावं, इथवर ठीक. पण त्याची बायको जो घेईल, त्यानंही फेडावं! बाई आणि जमीन एकाच ओळीत. आता विचार करा, १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. त्याआधीही आपल्याकडे कितीतरी जातींमध्ये पाट लावायची रीत होतीच. पण विधवेशी लग्न करणाऱ्याच्या मागे तिच्या पहिल्या नवऱ्याचा सावकार लागत असेल, तर कोण पुढे येईल? मुंबई इलाख्यातल्या कोर्टांत हा नियम चालत होता. शेवटी १८६६ साली मुंबई सरकारनं कायदा केला, त्या वर्षीचा सातवा. विधवेशी लग्न केलं, एवढ्याच कारणावरून तिच्या आधीच्या नवऱ्याचं कर्ज नव्या नवऱ्याकडे मागता येणार नाही. आणि मुलगा, नातू किंवा दुसरा वारस, वारशात जेवढं मिळालं तेवढ्यापुरताच कर्जाला बांधील. स्वतःच्या कमाईतून बापाचं कर्ज फेडायची सक्ती नाही.

हा कायदा मुंबई इलाख्याचा. पुणे, नगर, खानदेशात लागू. आपण निजामाच्या राज्यात, त्यामुळे परतूरच्या विधवेला त्याचा उपयोग नव्हता. शे-दीडशे मैलांच्या अंतरानं बाईचं नशीब बदलत होतं.

आता कराकडे येऊ. सावकाराच्या कर्जाला निदान कुणाची तरी कबुली लागते. कराचं तसं नाही. कर सरकार लावतं, संमती विचारत नाही. म्हणून करात नवरा-बायकोला एक धरायचं की दोन, हा प्रश्न जास्त नाजूक.

भारतात आयकर पहिल्यांदा १८६० साली आला. सत्तावन्नच्या बंडात सरकारचा खजिना रिकामा झाला होता, तो भरायला जेम्स विल्सन नावाच्या साहेबानं तो आणला. वर्षाला दोनशे रुपयांच्या वर उत्पन्न असेल तर शेकडा दोन, पाचशेच्या वर शेकडा चार. तेव्हा शेतीच्या उत्पन्नावरही होता. तो पुढे बंद-चालू होत राहिला आणि १८८६ च्या कायद्यात शेतीचं उत्पन्न त्यातून वगळलं गेलं. आपल्याकडे मात्र हिंदुस्थान सरकारचा आयकर कायदा १९५० साली आला, संस्थान भारतात सामील झाल्यानंतर.

या कायद्यांमध्ये प्रत्येक माणूस वेगळा. बायकोचं उत्पन्न बायकोचं, नवऱ्याचं नवऱ्याचं. याच्यासोबत 'हिंदू एकत्र कुटुंब' हाही एक वेगळा करदाता आहे, त्याचा कर्ता असतो. पण तो वडिलोपार्जित मिळकतीचा प्रकार, नवरा-बायकोचं जोडखातं नव्हे. नवरा-बायकोनं मिळून एकच विवरणपत्र भरायचं, अशी सोय आपल्याकडे नाही. बऱ्याच जणींना वाटतं आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता माणूस वेगळा धरला, की चलाख नवऱ्यांना वाट सापडली. जास्त उत्पन्नाला कराचा दर जास्त असतो. मग धंद्यात बायकोला कागदोपत्री भागीदार करा, तिच्या नावे शेअर घ्या, घर घ्या. उत्पन्न दोन ठिकाणी वाटलं की कर कमी. १९३६ च्या सरकारी चौकशी समितीनं हे प्रकार नोंदवले आणि १९३७ साली कायद्यात दुरुस्ती झाली. नवऱ्याच्याच भागीदारीत बायको भागीदार असेल, किंवा नवऱ्यानं पुरेसा मोबदला न घेता तिच्या नावे मालमत्ता केली असेल, तर त्यातून येणारं तिचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरायचं. हिशोबनीस याला 'क्लबिंग' म्हणतात. सोप्या शब्दांत, एकत्र मोजणी. १९६१ साली बालाजी नावाच्या करदात्यानं सर्वोच्च न्यायालयात याला आव्हान दिलं. न्यायालयानं कायदा टिकवला. करचुकवेगिरीला आळा घालणं हा उद्देश योग्य आहे, असं म्हटलं.

याच काळातला एक मजेशीर खटला. कलकत्त्याच्या एका साहेबानं लग्न ठरलेलं असताना, लग्नाआधी, होणाऱ्या बायकोच्या नावे शेअर केले. खातं म्हणालं, एकत्र मोजा. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, शेअर दिले तेव्हा ती बायको नव्हती, म्हणून हा नियम लागत नाही. साखरपुड्याचं देणं आणि लग्नानंतरचं देणं, कराच्या भाषेत दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

आता यातला आपल्या कामाचा भाग. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ६४ मध्ये ही एकत्र मोजणी आहे, आणि तिथे 'बायको' नव्हे तर 'जोडीदार' असा शब्द आहे. दोन्ही बाजूंनी लागू. त्याला लागूनच कलम ६५. ते फार कमी लोकांना माहीत असतं. नवऱ्याच्या उत्पन्नात जी मालमत्ता मोजली गेली ती ज्याच्या नावावर आहे, त्या माणसाला खातं मागणीची नोटीस देऊ शकतं, आणि त्या उत्पन्नापुरता कराचा हिस्सा त्याच्याकडून वसूल करू शकतं. म्हणजे बघा. पैसा नवऱ्याचा, निर्णय नवऱ्याचा, उत्पन्न कायद्यानं नवऱ्याचंच धरलं. पण सातबारा, खातं किंवा शेअर बायकोच्या नावावर, म्हणून तेवढ्या कराची नोटीस तिच्या दारात येऊ शकते. तिला विचारून नाव लावलं होतं का, हे त्या कलमात कुठे नाही. हजार वर्षांपूर्वीच्या मिताक्षरेत "कबूल केलेलं" हा शब्द होता. इथे नाही. कर आणि कर्ज या गोष्टी वेगळ्या आहेत, हे आम्हालाही कळतं. तरी एवढं म्हणावंसं वाटलंच.

आता १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा आला, १ एप्रिल २०२६ पासून त्याचा अंमल. कलमांचे आकडे बदलले, एकत्र मोजणी तशीच राहिली.

मधल्या काळात एकदा सगळं कुटुंबच एक धरायची वेळ आली होती. सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झालेल्या वांच्छू यांच्या समितीनं १९७१ साली शिफारस केली, की नवरा, बायको आणि अज्ञान मुलं यांचं सगळं उत्पन्न एकत्र करून कर लावावा. बायको शिक्षिका असली, परिचारिका असली, तिचा स्वतःच्या कष्टाचा पगारही नवऱ्याच्या उत्पन्नावर जाऊन बसला असता आणि त्याला वरचा दर लागला असता. नोकरी करणाऱ्या बाईला घरात काय ऐकावं लागलं असतं ते तुम्हीच ओळखा: तुझ्या पगारापेक्षा माझाच कर वाढला, बस घरी. सरकारनं ती शिफारस तशी स्वीकारली नाही. पुढे १९७५ च्या दुरुस्तीनं एवढं झालं, की ज्या धंद्यात नवऱ्याचा मोठा वाटा आहे तिथे बायकोला पगार दाखवला, तर तोही त्याच्यात मोजायचा; मात्र तिच्याकडे स्वतःचं शिक्षण, अनुभव असेल आणि त्या बळावर ती काम करत असेल, तर तो तिचाच. शिकलेल्या बाईच्या कामाला कायद्यानं दिलेली ही ओळख आम्हाला आवडली. शिवणकाम, पापड, दुग्धव्यवसाय येणाऱ्या अडाणी बाईचा 'अनुभव' तिथे मोजतील का, यावर मात्र आमच्यात एकमत झालं नाही.

नंतरची एक गोष्ट तुमच्यापैकी काहींच्या नवऱ्यांना आठवत असेल. २००५-०६ या वर्षापासून बायकांना करमाफीची मर्यादा पुरुषांपेक्षा जास्त होती. पुरुषांना एक लाख, बायकांना एक लाख पस्तीस हजार. बाईला सवलत म्हणून दिलेली ही गोष्ट. ती २०१२-१३ मध्ये संपली, दोघांनाही दोन लाख झाले. पण तोवर "धंदा बायकोच्या नावे टाका" ही सवय गावोगाव मुरली होती. आपल्या त्या बाईच्या नवऱ्यालाही हा सल्ला कुणीतरी असाच ओट्यावर बसून दिला होता.

आता जरा दूर जाऊ. आपल्या जालन्या-संभाजीनगरच्या कितीतरी मुली लग्न होऊन अमेरिकेत गेल्यात. तिथे नवरा-बायको एकत्र विवरणपत्र भरू शकतात. १९१८ पासून ही सोय आहे. १९३८ च्या कायद्यानं सांगितलं, की एकत्र भरलं तर दोघंही संपूर्ण कराला बांधील. अर्ध्या नव्हे, संपूर्ण. १९४८ पासून एकत्र भरण्यात मोठा फायदा झाला, तसे बहुतेक जण एकत्रच भरू लागले. नवरा कागद भरायचा, बायको स्वयंपाकघरातून हात पुसत यायची आणि सही करायची. पुढे घटस्फोट झाला, नवरा पळाला किंवा त्यानं उत्पन्न लपवलं असं निघालं, की सरकार बायकोच्या घरावर. शेवटी १९७१ साली 'निर्दोष जोडीदार' म्हणून सुटकेची वाट केली. पण तिच्या अटी एवढ्या कडक, की फार थोड्या जणींना तिचा उपयोग झाला. १९९८ साली ती रुंद केली. आता बाईला सांगता येतं, की लपवलेलं उत्पन्न मला माहीत नव्हतं आणि माहीत असण्याचं कारण नव्हतं. धमकावून सही घेतली असेल, तर ते एकत्र विवरणपत्रच धरलं जात नाही. नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर गेलेली आपली मुलगी, जिला स्वतःची एक डॉलरची कमाई नाही, तीही अशा कागदावर सही करते. पोरीशी फोनवर बोलाल तेव्हा विचारा, सही करण्याआधी वाचतेस का म्हणून. वेगवेगळं भरायची मुभा तिथेही आहे.

इंग्लंडात तर १९९० पर्यंत बायकोचं उत्पन्न हे नवऱ्याचंच उत्पन्न धरलं जायचं. ते राज्य ज्यांनी आपल्यावर केलं, त्यांच्या घरची ही कथा.

आणि जवळच, गोव्यात, तिसराच प्रकार. हा आम्हाला सगळ्यांत विचार करायला लावणारा वाटला. पोर्तुगिजांचा १८६७ चा दिवाणी कायदा तिथे १८७० पासून लागू झाला आणि १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावरही तो राहिला. त्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्न झालं की दोघांची मालमत्ता एक होते आणि प्रत्येकाचा अर्धा हिस्सा. सोनं, घर, शेत, दुकान, सगळ्यात अर्धं. आणि घर-जमीन विकायची किंवा गहाण टाकायची, तर दुसऱ्याची संमती लागतेच. नवऱ्याला एकट्याला विकता येत नाही. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना हा कायदा, थोडेफार अपवाद सोडून.

मग आयकराचं काय? पणजीच्या दुकानाचं उत्पन्न नवऱ्याचं की दोघांचं? भांडणं मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. शेवटी १९९४ साली आयकर कायद्यात कलम ५अ घातलं, आणि तेही १९६३ पासून लागू धरून. पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं वाटायचं आणि प्रत्येकानं आपापलं विवरणपत्र भरायचं. दुकान नवऱ्याच्या नावावर असलं तरी अर्धं उत्पन्न बायकोचं, तिच्या स्वतःच्या कागदावर, तिच्या सहीनं. म्हणजे तिला माहीत असायलाच हवं दुकानात किती आलं. कागद भरताना तरी वही उघडावी लागते.

गोव्यातही सगळं आलबेल नाही. सही तिथेही नवरा सांगेल तिथे होते, असं तिथल्या बायका सांगतात. पण कायदा एवढं मानतो, की निम्मं देणं तिचं असेल तर निम्मं घेणंही तिचं. आपल्याकडे देणं येतं तेव्हा तिचं नाव सापडतं, घेणं असतं तेव्हा शोधावं लागतं.

नाही म्हणायला आपल्याकडेही प्रयत्न झाले. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला: नवऱ्यांनी आपखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. पुढे १९९२ मध्ये सरकारनंही सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला लक्ष्मीमुक्ती योजना आणली. २००३ पासून ग्रामपंचायतीत 'घर दोघांचे' म्हणून घराची नोंद दोघांच्या नावे करायला सुरुवात झाली. आपल्या तालुक्यात किती घरांच्या नमुना आठवर बाईचं नाव आहे, ते एकदा ग्रामपंचायतीत जाऊन बघा. घरपट्टीची पावती दोघांच्या नावे येते, ती थकली तर मागणीही दोघांना येते. पण इथे घरही दोघांचं आहे, म्हणून आम्हाला यात अन्याय वाटत नाही.

आता पुन्हा सहीकडे. एक जुना खटला आम्हाला वकीलताईंनी सांगितला आणि आम्ही गप्पच झालो. मद्रास इलाख्यात एका माणसानं बायको आणि मुलाला म्हटलं, अमुक कागदावर सही करून तुमचा जमिनीवरचा हक्क माझ्या भावाला सोडा, नाहीतर मी जीव देईन. त्यांनी सही केली. पुढे ती बाई, शेषम्मा, कोर्टात गेली. १९१७ साली मद्रास हायकोर्टाच्या तीनपैकी दोन न्यायाधीशांनी सांगितलं, जीव देण्याची धमकी ही जबरदस्तीच आहे, ती सही खरी संमती नव्हे. तिसऱ्यांना ते पटलं नाही. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्यापैकी किती जणींनी "मी औषध पिईन" हे वाक्य ऐकून कागदावर अंगठा दिलाय, हे विचारायला आम्हाला धीर होत नाही. आपल्या मराठवाड्यात ते वाक्य नुसती धमकी राहत नाही, हे माहीत असल्यामुळेच तर सही होते.

आणि नवरा खरंच गेला तर? करापुरतं तरी ऐकून ठेवा. त्याचा थकलेला आयकर वारसांकडे मागता येतो, पण त्यानं मागे ठेवलेल्या इस्टेटीच्या किमतीपुरताच. बाईच्या स्वतःच्या कमाईतून, तिच्या माहेरच्या दागिन्यांतून नाही. १८६६ च्या त्या मुंबईच्या कायद्यातलं तत्त्व इथे आलंय. कर्जाचंही तसंच, जर ती स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल तर. तिनं सही केली असेल, तर मात्र ती वारस म्हणून नाही, स्वतः म्हणून बांधली जाते. नवऱ्यानं विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली बायकोच्या नावे आयुर्विमा काढला असेल, तर त्या पैशाला त्याच्या सावकाराचा हात लागत नाही. सावकारांना बुडवायलाच काढलेला नसला म्हणजे झालं. हिंदूंना ही सोय आपल्याकडच्या ब्रिटिश मुलखात १९२३ पासून मिळाली. विमा काढतानाच तसं लिहून घ्यावं लागतं, नंतर नाही. एजंट आपणहून सांगत नाहीत.

अलीकडे पुन्हा चर्चा सुरू झालीय. २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी सनदी लेखापालांच्या संस्थेनं सरकारला सुचवलं, की नवरा-बायकोला हवं असेल तर एकत्र विवरणपत्र भरू द्या. ज्या घरात एकच जण कमावतो त्या घराचा कर यानं कमी होईल, हे खरं. पैसा वाचणं वाईट कोण म्हणेल? पण अमेरिकेतल्या बायकांना १९३८ पासून १९९८ पर्यंत, साठ वर्षं, जे भोगावं लागलं ते आपण वाचलंय. अशी सोय आलीच, तर बायको किती कराला बांधील असेल, आणि तिनं कागद पाहिला होता हे कोण तपासेल, हे आधी लिहिलेलं असावं, असं आमचं मत. आमच्यातल्या दोघींना हे पटत नाही. त्या म्हणतात, आधी फायदा तर येऊ द्या, भानगडी नंतर बघू.

आता त्या बाईचं सांगतो. तालुका विधी सेवा समितीत बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. १९८७ च्या कायद्यानं तसं ठरवलंय. तिथून मदत घेऊन, मुदतीच्या आत उत्तर दिलं. नवऱ्यालाही सोबत नेलं. तो सुरुवातीला चिडला, मग घाबरला, मग त्यानं वह्या आणून दिल्या. पैसा त्याचा होता, हे त्यानं लिहून दिलं. आता पुढची तारीख यायची आहे. काय होतं ते कळलं की सांगूच.

त्या कामात आणखी एक गोष्ट निघाली. तिच्या पॅनला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा होता. म्हणजे तिच्या नावे काहीही भरलं, तर ओटीपी त्याच्याच फोनवर. पूर्वी निदान अंगठ्याची शाई बोटाला लागायची. तिनं नंबर बदलून स्वतःचा टाकला. आयकराच्या संकेतस्थळावर तिच्या नावे बँकांनी, व्यापाऱ्यांनी काय काय नोंदवलंय त्याचं वार्षिक विवरण दिसतं. ते तिनं आमच्या समोर बसून उघडलं. दोन खाती होती. एक तिला माहीतच नव्हतं.

तुमच्या गटात हे करून बघायचं असेल, तर पॅन, आधार आणि तुमचा स्वतःचा फोन घेऊन या. सोमवारच्या बाजाराच्या दिवशी नको, गर्दी असते. बचत गटाच्या कर्जाला एक जण फेडत नसेल तर बाकीच्या नऊ जणी किती बांधील, हा प्रश्न सातोन्याहून आलाय, आष्टीहूनही आलाय. त्यावर पुढच्या वेळी बोलू.